रिपोर्टवर ‘ऑटिझम’ लिहिलंय. सोमवारी सकाळी काय करायचं?

असले रिपोर्ट शुक्रवारी मिळू नयेत. शनिवार-रविवार दवाखाना बंद, फोन उचलायला कोणी नाही आणि घरातला प्रत्येक जण आपापला मोबाइल घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसलेला. आमचं तसंच झालं. लेक साडेतीन वर्षांचा होता. पुण्याहून सांगलीला परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. तो मात्र मागच्या सीटवर मजेत होता, खिडकीची काच वर-खाली करत. रविवारी रात्रीपर्यंत आमच्याकडे एक डाएट, दोन सिरपं, एक देवस्थान आणि ‘आठवड्याला चाळीस तास थेरपी’ एवढं जमा झालं. या दोन दिवसांत त्या पोराशी धड कोणी खेळलं नव्हतं, हे लक्षात यायला बरेच महिने गेले.

आता तो तेराव्या वर्षात आहे. ओळखीतून ओळख काढून नव्याने रिपोर्ट मिळालेल्या आयांचे, कधीमधी बाबांचेही फोन येतात. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. पण तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

आकडा वाचायचा कसा

रिपोर्टात ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ हे नाव असतं. पुढे कधी लेव्हल १, २ किंवा ३ लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा आयएसएए या मोजपट्टीचे गुण. ही मोजपट्टी भारतातच तयार झाली. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. लेव्हल म्हणजे त्या मुलाला रोजच्या जगण्यात किती मदत लागते याचा अंदाज.

मार्कांची सवय लागलेल्या आपल्या घरांत या आकड्याचा फार लवकर निकाल होतो. १०५ आले तर ‘माइल्ड आहे हो’ म्हणून सुटकेचा श्वास, १०९ आले तर रडारड. चार गुणांत मूल बदलत नाही. त्या दिवशी ते झोपलं होतं का, खोली अनोळखी होती का, तपासणारी बाई त्याला आवडली का, यानेही थोडं इकडेतिकडे होतं. हा आकडा सरकारी दाखल्यासाठी लागतो, म्हणून जपून ठेवायचा. मुलाचं भविष्य त्यात शोधायला जाऊ नये.

मग ऑटिझम म्हणजे नेमकं काय? २०१३ पासून डॉक्टर ज्या व्याख्येने चालतात, तिच्यात दोन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात. पहिली, इतरांशी देवाणघेवाण वेगळी असणं: हाक मारल्यावर न वळणं, बोट दाखवून ‘ते बघ’ न करणं, बोलणं उशिरा येणं किंवा येऊनही गप्पांसाठी न वापरलं जाणं. दुसरी, तेच ते करण्याची ओढ आणि संवेदनांची वेगळी पातळी: चाकं फिरवत बसणं, ठरलेल्या रस्त्यानेच जायचा हट्ट, मिक्सरचा आवाज असह्य होणं. दोन्ही लहानपणापासून असतात आणि त्याचं मूळ मेंदूच्या घडणीत असतं, जी बरीचशी जन्माआधीच सुरू झालेली असते. पूर्वी अ‍ॅस्परगर वगैरे वेगळी नावं होती, ती २०१३ मध्ये या एकाच नावाखाली आली. म्हणून सफाईदार बोलणारी, गणितात हुशार मुलगी आणि दहा वर्षांचा झाला तरी एकही शब्द न बोलणारा मुलगा, दोघांच्याही फायलीवर एकच नाव दिसतं.

मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला हा शब्द फारसा पटत नाही. आमचा लेक स्वतःत मग्न कधीच नव्हता, तो शटरमध्ये मग्न होता. आमच्या घरासमोर किराणा दुकान आहे. त्याचं शटर सकाळी वर जाताना आणि रात्री खाली येताना तो गॅलरीत उभा राहून अंगभर थरथरायचा, आनंदाने. शटर म्हणजे त्याच्यासाठी जगातली सगळ्यात मोठी बातमी होती. ती आम्हाला सांगायची कशी, एवढंच त्याला येत नव्हतं.

कुणामुळे झालं?

हा प्रश्न उघड विचारला जात नाही, पण पहिल्याच आठवड्यात आईच्या ताटापर्यंत पोचतो. ‘गरोदरपणात तू नोकरी करत होतीस.’ ‘मोबाइल दिलास हातात.’ लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकीय ओळख दिली, आणि नंतरची वीसेक वर्षं तिकडच्या भल्याभल्या तज्ज्ञांनी थंड, माया न करणाऱ्या आयांवरच खापर फोडलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, ही कल्पना पुराव्यानिशी खोडून काढली. म्हणजे शिकल्या-सवरल्या जगाने हे आरोप केव्हाच मागे घेतले. चुलत सासूबाईंनी अजून घेतले नसतील, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नये.

लसीमुळे ऑटिझम होतो या समजाचंही तसंच. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने १२ मुलांवर एक निबंध छापला, त्यावरून हा गोंधळ सुरू झाला. २०१० मध्ये तो निबंध मासिकाने मागे घेतला आणि त्याचा ब्रिटनमधला डॉक्टरकीचा परवानाही गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध निघाला नाही. राहिलेल्या लसी वेळेवर द्या.

मोबाइलचं जरा गुंतागुंतीचं आहे. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द आपल्याकडे भलताच चालतोय, पण असं कोणतंही मान्यताप्राप्त निदान नाही. स्क्रीनमुळे ऑटिझम होत नाही. मात्र मूल दिवसातले चार तास स्क्रीनसमोर असेल, तर ते चार तास कोणी त्याच्याशी बोलत नसतं, आणि या मुलांना तोच वेळ जास्त लागतो. म्हणून कमी करायचा. अपराधी वाटून एका रात्रीत बंद करायला गेलात, तर तीन दिवस घर डोक्यावर घेतलं जाईल.

थेरपीच्या आधी

कान तपासून घ्या. साध्या टाळ्या वाजवून नाही, बेरा नावाची तपासणी असते, मूल झोपलेलं असताना करतात. हाकेला न वळणाऱ्या मुलाला खरंच ऐकू येतं का, हे आधी कळलं पाहिजे. ‘जीभ जड आहे, जिभेखालची तार कापा’ असं सांगणारे भेटतील. तार आखूड असली तर उच्चारांत किंवा दूध ओढण्यात अडचण येऊ शकते, पण त्यामुळे मूल बोट दाखवायचं थांबत नाही.

मग झोप, पोट आणि फिट. ऑटिस्टिक मुलांत झोपेच्या तक्रारी, बद्धकोष्ठता आणि अपस्मार इतर मुलांपेक्षा जास्त दिसतात. अचानक चिडचिड वाढली, डोकं आपटणं सुरू झालं, तर ‘ऑटिझममुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कान दुखत असेल, दात किडला असेल, चार दिवस शी झाली नसेल. ज्याला ‘पोटात दुखतंय’ सांगता येत नाही, तो ते असंच सांगतो.

ऑटिझम घालवणारं औषध नाही. डॉक्टर कधी रिस्पेरिडोनसारखं औषध देतात, ते टोकाच्या चिडचिडीसाठी किंवा स्वतःला इजा करून घेण्यासाठी. त्याचे दुष्परिणाम असतात, वजन वाढतं, म्हणून ते त्यांच्या देखरेखीखालीच.

बोलणं म्हणजे फक्त तोंडाने बोलणं नव्हे

सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘बोलेल ना?’ हाच असतो. मी उलटं विचारते: आत्ता तो तुम्हाला काय काय सांगतो? ‘काहीच नाही’ असं उत्तर येतं. मग जरा खोदलं की कळतं, तो हात धरून फ्रिजपाशी नेतो, बाहेर जायचं असलं की चपला आणून पुढ्यात टाकतो, पुरे झालं की ताट ढकलतो. हे सगळं बोलणंच आहे. त्याला प्रतिसाद मिळत गेला तर ते वाढतं. ‘आधी तोंडाने पाणी म्हण, मगच देते’ असं करत राहिलो, तर मूल एवढंच शिकतं की या बाईला सांगून उपयोग नाही.

काही मुलं बोलतात, पण ऐकलेलंच परत बोलतात. त्याला इकोलेलिया म्हणतात. आमच्याकडे तहान लागली की लेक म्हणायचा, ‘पाणी हवंय का तुला?’ पाहुणे हसायचे. एक मावशी तर ‘हो, दे ना बाळा’ म्हणाल्या, आणि त्याने जमिनीवर अंग टाकून दिलं. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: हे वाक्य कानावर पडलं की पाणी येतं. म्हणजे पाण्याचं वाक्य हेच. ‘तू’ आणि ‘मी’ बोलणाऱ्यागणिक बदलतात हा भाषेतला खरं तर मोठाच घोळ आहे, बाकीची मुलं तो कशी काय सोडवतात हेच नवल. अशा वेळी चूक काढायची नाही. पाणी द्यायचं आणि त्याने म्हणायला हवं तसं वाक्य आपण म्हणायचं: ‘मला पाणी हवंय.’ शेकडो वेळा.

आता एक संशोधन सांगते, कारण ते आपल्या शेजारचं आहे. गोव्यातली संगत ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर एक प्रयोग केला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या घरी दर पंधरा दिवसांनी एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ती जायची, सहा महिने. ती मुलावर थेरपी करत नव्हती. आई-बाबा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि मग तो त्यांच्यासोबत बघायचा: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं होतं, तुमचं लक्ष नव्हतं. इथे तुम्ही गप्प बसलात आणि तो तुमच्याकडे आला. एवढंच. या घरांतल्या आई-बाबांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट थोडा कमी दिसला. पण मोठ्या शहरातला महागडा तज्ज्ञ हाताशी नसतानाही घरातल्या माणसांच्या हातात बरंच काही असतं, एवढं या प्रयोगाने दाखवलं.

आमच्या घरी हे कसं झालं ते सांगते. एका थेरपिस्ट ताईंनी सांगितलं, ‘तो जे करतोय त्यात तुम्ही जा. त्याला तुमच्या खेळात ओढू नका.’ तो काय करतोय? शटर. मग मी जेवणाच्या टेबलाला जुनी चटई बांधली, गुंडाळत वर न्यायची आणि सोडून द्यायची. ‘वर… वर… वर… खाली!’ पहिल्या दिवशी तो नुसता थरथरला. चौथ्या-पाचव्या दिवशी मी ‘वर… वर… वर…’ म्हणून थांबले. थांबणं फार अवघड जातं आपल्याला, जीभ आपोआप पुढचा शब्द म्हणते. मनात दहापर्यंत मोजले. त्याने माझ्याकडे पाहिलं, खरंच डोळ्यांत पाहिलं, आणि चटईकडे हात केला. शब्द आला त्यानंतर दोन महिन्यांनी. पण त्या खेळात तो हातवारा आधी आला होता, आणि मला वाटतं बोलणं त्या दिवशी सुरू झालं.

म्हणजे सोमवारी सकाळी करायचं ते हे: जमिनीवर त्याच्या उंचीला बसा, त्याच्या हातातल्या वस्तूत रस घ्या, कमी शब्द बोला, प्रश्न तर फारच कमी विचारा (‘हा कोण? कुठला रंग? काकाला सांग ना!’ ही तोंडी परीक्षा बंद), आणि थांबा. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं. आंघोळ, कपडे, जेवण यांत हेच करता येतं. निळा शर्ट आणि लाल शर्ट दोन्ही समोर धरायचे आणि तो कुठे बघतो ते पाहायचं.

चित्रांचा आधार घ्यायला घाबरू नका. चपला, पाणी, शी, बाहेर, पुरे अशा गोष्टींचे फोटो काढून फ्रिजवर लावा. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. ‘चित्रं दिली तर बोलायचा आळस करेल’ अशी भीती सगळ्यांना वाटते. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं त्याने वाढतंच. आणि जी मुलं कधीच तोंडाने बोलणार नाहीत, त्यांना तर आवाज त्यातूनच मिळणार आहे.

भाषेबद्दल एक गोष्ट मला चीड आणते. ‘मूल बोलत नाहीये ना, मग घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश ठेवा, शाळेत तीच लागणार’ असा सल्ला अजूनही दिला जातो. मग आई तोडकंमोडकं ‘बेटा, कम हिअर, सिट’ करत बसते आणि आजी-आजोबा तर गप्पच होतात. दोन भाषांच्या घरांतल्या ऑटिस्टिक मुलांवर अभ्यास झालेत, दुसऱ्या भाषेमुळे बोलणं मागे पडतं असं त्यांत आढळलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, बडबडगीतं म्हणता येतात, तीच बोला. पुण्या-मुंबईत असा नाहीतर न्यू जर्सीत.

कुकरची शिट्टी आणि ढोल-ताशा

आपले कान फिल्टर लावून ऐकतात. पंख्याची घरघर, बाहेरची रिक्षा, शेजारचा टीव्ही हे मागे टाकून समोरच्याचं बोलणं पुढे आणतात. अनेक ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत हे सगळं एकाच जोराने आत येतं. कुणाला आवाज टोचतो, कुणाला कॉलरमागचं लेबल, कुणाला डोक्यावरून फिरणारं केस कापायचं मशीन. उलटही असतं: काहींना कमी जाणवतं, म्हणून ती गोल फिरतात, उड्या मारतात, गादीखाली घुसतात. जेवणातला हट्टही बऱ्याचदा यातूनच येतो. वरण-भात रोज सारखाच लागतो. भाजीत मात्र वाटाणा मऊ, फरसबी कडक, मोहरी मध्येच दाताखाली.

हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक ओळखायला शिका. चॉकलेटसाठी रडणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे बघत असतं आणि चॉकलेट मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमधलं मूल कुणाकडे बघत नाही, हवं ते दिलं तरी थांबत नाही, कारण त्याचा ताबा त्याच्याकडेच नसतो. तेव्हा समजावणं, रागावणं, ‘लोक बघतायत’ म्हणणं सगळं फुकट जातं. आवाज कमी करा, गर्दीतून बाहेर काढा, त्याला इजा होणार नाही एवढं बघा, बोलू नका. कुणाला घट्ट मिठीने बरं वाटतं, कुणाला स्पर्शच नको असतो. तुमचं मूल यातलं कोणतं, हे दोन-तीन वेळांत कळतं.

आणि आधीच टाळता आलं तर उत्तम. आम्ही कुकर लावायच्या आधी त्याला सांगायला लागलो, तीन शिट्ट्या होणार. तो दुसऱ्या खोलीत जाऊन मोजायचा, पुढे शिट्ट्यांचा हिशेब त्याच्याकडेच गेला. गणपतीत मिरवणुकीला नेत नाही. पहाटे, गर्दी व्हायच्या आत मंडपात नेतो. कानावर घालायचे आवाज अडवणारे हेडफोन मिळतात, त्यासाठी खर्च केलेला प्रत्येक पैसा वसूल झाला.

एक गोष्ट मात्र घाई करून करा. यातली बरीच मुलं न सांगता निघून जातात आणि बऱ्याच जणांना पाण्याची ओढ असते. दाराला वरची कडी, गच्चीला कुलूप, खिशात किंवा गळ्यात फोन नंबर. गावाकडे जात असाल तर विहीर आणि शेततळं कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघून घ्या. पोहणं लवकर शिकवा.

थेरपीचा बाजार

‘आठवड्याला ४० तास’ हा आकडा कुठून आला? १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञांनी १९ मुलांवर केलेला एक अभ्यास छापला. त्यांच्या थेरपीत आठवड्याला ४० तास होते, आणि ओरडणं व मांडीवर चापट मारणंही होतं. त्यातली ९ मुलं ‘इतरांसारखी’ झाली असा त्यांचा दावा होता. मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे त्या निकालावर तेव्हापासून वाद आहे. आकडा मात्र जगभर पसरला. २०२४ मध्ये १४४ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा जास्त तास म्हणजे जास्त फायदा असं काही दिसलं नाही. तेव्हा दागिने गहाण टाकून दिवसाचे सहा तास विकत घेण्याआधी थांबा. तीन-चार वर्षांचं मूल आहे ते, त्याला दुपारी झोपायचं असतं.

कोण काय करतं, थोडक्यात: स्पीच थेरपिस्ट संवादावर काम करतो, उच्चार हा त्यातला एक भाग. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ज्याला सगळे ओटी म्हणतात, तो संवेदना, हाताची कामं, कपडे-जेवण अशा रोजच्या गोष्टी बघतो. विशेष शिक्षक शिकवण्याची पद्धत मुलाप्रमाणे बेततो. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर विचारायला लाजू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे.

चांगला थेरपिस्ट ओळखायची माझी खूण एकच: तो तुम्हाला खोलीत बसू देतो का? ‘तुम्ही बाहेर थांबा, तुमच्यासमोर तो करत नाही’ असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर मी तिथे नेणार नाही. आम्हीही एका ठिकाणी पाच महिने बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून रडणं ऐकू यायचं आणि आम्ही एकमेकांना सांगायचो, सवय होईल.

बरं करण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहा. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर संशोधन चाचणीबाहेर करता येत नाही, आणि ऑटिझममध्ये तो करू नये असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीनेही २०२२ मध्ये सांगितलं. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली दिलेल्या चिलेशनने २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. गहू आणि दूध बंद करण्याच्या डाएटला भक्कम पुरावा नाही. आधीच चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाची पोळी आणि दूध बंद केलं, तर खायला उरतं काय? देवस्थानाबद्दल मी काही बोलणार नाही. सासूबाईंना बरं वाटत होतं म्हणून आम्ही गेलो, गर्दी नसलेल्या दिवशी. लेकाला तिथला पितळी दरवाजा आवडला.

कागद

कंटाळवाणं आहे पण करून टाका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सिव्हिलमध्ये तपासणी होते आणि दाखला व यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. लहान वयातला दाखला बहुधा तात्पुरता असतो, पुन्हा तपासणीला जावं लागतं. दाखल्यावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक सवलती लागू होतात. आयकरात जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च देते आणि त्यात थेरपीही धरलेली आहे, जे खासगी विम्यात क्वचितच सापडतं. थेरपीचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं आहेत, सेवा मोफत असते.

‘दाखला काढला की शिक्का बसतो’ म्हणून वर्षानुवर्षं थांबणारी घरं मी पाहिलीत. दाखला तुमच्या कपाटात राहतो. लागेल तेव्हाच दाखवायचा.

घरातली माणसं

सासूबाई दीड वर्ष म्हणत होत्या, ‘ह्याचा बापपण चौथ्या वर्षी बोलला.’ मला राग यायचा. आता वाटतं, त्यांनाही तेवढा वेळ हवा होता. त्यांना पटवायचं मी सोडून दिलं आणि काम दिलं: रोज संध्याकाळी चटईचा खेळ त्यांच्याकडे. मला यायला उशीर झाला की तो त्यांच्याकडे चटई घेऊन जायचा. ऑटिझम हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नाही, पण त्याला काय हवंय ते सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

थोरलं भावंड असेल तर त्याला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तसं. ‘त्याला तुझा आवाज मोठा ऐकू येतो, म्हणून तो कान झाकतो’ एवढं पाच वर्षांच्या मुलीला कळतं. आणि आठवड्यातून एक तास फक्त तिचा ठेवा. आम्ही नाही ठेवला, ती अजून ऐकवते.

नवरा-बायको एकाच वेगाने सावरत नाहीत. एक जण फाइल बनवतो, दुसरा त्या विषयाचं नावच काढत नाही. रडू थांबत नसेल, झोप लागत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या पालकांना शोधा. मुंबईतल्या ‘उम्मीद’सारख्या संस्था पालकांसोबतही काम करतात. पण जवळ काहीच नसेल तर थेरपीच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईला तिचं नाव विचारा. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला त्याच बाकावर मिळाली.

शाळा

अपंगत्वाच्या कारणाने शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, कायदा स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ‘आमच्याकडे सोय नाही हो’ हे वाक्य फार गोड आवाजात ऐकायला मिळतं. कायद्याचा कागद जवळ असू द्या, पण मूल रोज पाच तास ज्या बाईंकडे असणार आहे त्यांच्याशी आधी बोला. नाव किती मोठं यापेक्षा वर्गात मुलं किती हे बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस मुलांच्या वर्गात रमलेली मुलं मला माहीत आहेत. पुढे लेखी परीक्षांत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, तेव्हा तो दाखला कपाटातून काढायचा.

दर जूनमध्ये मी नव्या वर्गशिक्षिकेला एक पान लिहून देते. फाइल कोणी वाचत नाही, पान वाचतात. पहिल्या वर्षी त्यावर असं होतं: मधल्या सुट्टीची घंटा वाजायच्या आधी त्याला सांगा. खिडकीजवळ बसवू नका, समोर शटर आहे. ‘सगळ्यांनी वह्या काढा’ हे त्याच्यासाठी असतं हे त्याला कळत नाही, नाव घेऊन सांगा. मारू नका. कान झाकले तर बाहेर कट्ट्यावर पाच मिनिटं बसू द्या, परत येतो.

सासूबाईंनी पान वाचायला मागितलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, एक राहिलं. मग पेन घेऊन खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं: तो तुम्हाला ‘पाणी हवंय का तुला?’ असं विचारेल. त्याला पाणी द्या.